माझ्याच नावाने झालेले बदल

बाबा, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, त्यामुळे हे तुम्ही पाहिलेलं नाही. इथे स्टुटगार्टच्या आमच्या घरात चपलांच्या खोक्याएवढा एक कॉम्प्युटर आहे. घरातलं हीटिंग, दाराचं कुलूप आणि आमचे सगळे फोटो तो सांभाळतो. त्याच्या सेटिंगमध्ये काही बदललं की कोणी आणि कधी बदललं हे आपोआप नोंदलं जातं. बदलाचं कारण तेवढं आपण एका ओळीत लिहायचं. ही शिस्त मी तुमच्याकडून घेतली. विजेच्या सबस्टेशनमधल्या त्या लांबट टेबलाशी बसून तुम्ही प्रत्येक स्विचची वेळ लॉगबुकात लिहायचात, आणि मी डबा घेऊन आले की मला वाचू द्यायचात. सातवीत असताना मी घरचा पाण्याचा पंप बंद केला आणि कोणाला सांगितलं नाही. तेव्हा तुम्ही हातातला घास खाली ठेवून म्हणालात, "बंद केलंस त्याचं काही नाही. न सांगता केलंस. आमच्याकडे लाइनवर माणूस काम करत असतो." आवाज चढवला नव्हतात, म्हणून मला जास्तच भीती वाटली.

मागच्या महिन्यात एका बुधवारी सकाळी उठलो तर घर गार पडलेलं. हीटिंग बंद होतं. मी नोंद उघडली: काल दुपारी चार वाजता, माझ्या लॅपटॉपवरून, माझ्या नावाने. मी काही केलं नव्हतं. म्हणजे बाहेरून कोणीतरी आत शिरलंय, असं वाटून मी इंटरनेटची वायर उपटली आणि एकेक पासवर्ड बदलत बसले. पण कारणाच्या ओळीत लिहिलं होतं, "तात्पु. बंद, उद्या चालू". तात्पुरतं हा शब्द असा तोडून आमच्या घरात फक्त मी लिहिते.

लेक तेरा वर्षांची आहे. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्ये येतं. पावाला लोणी लावता लावता ती म्हणाली, "मामा, दास वार्स्ट डू डोख." आई, तूच तर केलंस. काल ती माझ्या शेजारी बसून गणितं सोडवत होती. रेडिएटरमधली हवा काढायचीय म्हणून बंद करते, असं मी तिला सांगितलं होतं म्हणे. आणि मी गुणगुणत होते. "गेनाऊ, बरोबर," मी म्हटलं, "विसरलेच बघ." ती शाळेत गेली आणि मी तशीच बसून राहिले. मला ती दुपार आठवत नाही. आजही आठवत नाही.

मग मी मागच्या नोंदी वाचत गेले. उन्हाळ्यापासून अशा चार निघाल्या, माझ्याच हातच्या, पण मला अनोळखी. त्यातली एक दाराचा कोड बदलल्याची. त्या दिवशी लेक शाळेतून येऊन दीड तास जिन्यात बसली होती आणि मी कुलूप बसवणाऱ्या माणसाला फोनवर फैलावर घेतलं होतं.

बँकेतून घरी येताना तुम्ही पहिल्यांदा वाट चुकलात तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचे होतात. मी एकोणपन्नास आहे. भाजी चिरताना, एस-बान गाडीची वाट बघताना हे दोन आकडे मनात येतात.

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "कामाचा ताण गं. मी नाही का किल्ल्या विसरत?" मग मी त्याला त्या चारही नोंदी दाखवल्या. त्याने सावकाश वाचल्या, पुन्हा वर जाऊन वाचल्या, आणि म्हणाला, "मी येतो तुझ्याबरोबर." आमच्या नेहमीच्या डॉक्टरीणबाईंनी मेंदूच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी दिलीय. टर्मिन, म्हणजे भेटीची वेळ, पुढच्या गुरुवारची मिळालीय. तोवर सिस्टीमला मी हात लावायचा नाही असं ठरलं. पासवर्ड आता त्याच्याकडे असतो. तरी रोज संध्याकाळी मी विचारते, आज मी काही बदललं का? तो नाही म्हणतो. मी त्याचा चेहरा बघत राहते.

हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून लिहून टाकते. शेवटच्या दोन वर्षांत तुम्ही एकेका सकाळी तीन-तीनदा फोन करायचात, तिकडे थंडी आहे का हे विचारायला. पहिला फोन मी घ्यायचे. पुढचे वाजू द्यायचे. मीटिंग होती, असं आईला सांगायचे. मीटिंग नसायची, बाबा. मी फोनकडे बघत बसलेली असायचे.