वरच्या मजल्यावरचा बॉयलर आणि निकोलाचा पाव

सोंबोर, रविवार

प्रिय स्तामेनाताई,

तुझ्या धाकट्या भावाचे आपल्या रीतीप्रमाणे तुला तीन पापे, आणि भावोजींच्या दुखऱ्या गुडघ्याला लांबूनच नमस्कार. तुझा रक्तदाब कसा आहे? यंदा पिंपातला कोबी नीट आंबला का? मी बरा आहे. म्हणजे पाय गार आहेत, नाक गार आहे, फक्त डोकं तेवढं तापलंय. पुढचं वाचताना भावोजींना दुसऱ्या खोलीत पाठव, ते हसतील आणि मला ते सहन व्हायचं नाही.

तुला ठाऊकच आहे, शाळेतून निवृत्त झाल्यापासून, म्हणजे चार वर्षं, मी विदोसावाबाईंच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्यानं राहतो. बाई खाली राहतात. यजमान जाऊन सहा वर्षं झाली. माझ्या स्वयंपाकघरातला भिंतीवरचा, सगळं घर तापवणारा बॉयलर ऑक्टोबरात बिघडला. करारात लिहिलंय की दुरुस्ती मालकिणीकडे (ते कलम मीच आग्रहानं घालून घेतलं होतं, तेव्हा स्वतःला फार शहाणा समजत होतो). बाईंनी मिस्त्री बोलावला. तिहोमिर नाव. माझ्याहून सात वर्षांनी लहान, केस सगळेच्या सगळे शाबूत, आणि मिशी अशी की तिची निगा राखायला वेगळा माणूस ठेवलाय की काय असं वाटावं. शिवाय चर्चमध्ये गातो. बॉयलरचं झाकण उघडतानाही गातो! माणसानं एका वेळी एकच काम करावं, असं मी चाळीस वर्षं वर्गात सांगत आलो.

बॉयलर बंद होता त्या दिवशी बाई मला म्हणाल्या, "नाक किती लाल झालंय मास्तर, खाली चला आधी." मी खाली गेलो. त्यांच्याकडे लाकडाची जुनी चूल आहे. तिच्याशेजारी बसून आम्ही दुपारभर अक्रोड फोडले. ताई, चार वर्षांत इतकं सुख मला कुठल्याही खोलीत मिळालं नव्हतं. तेवढ्यात हा वरून हात पुसत आला, "विदा, झालं तुझं काम!" विदा! मी चार वर्षं 'विदोसावाबाई' म्हणतोय, आणि हा एका दुपारीत विदा. त्यावर बाईंनी काय करावं? कपाटातून काचेची बशी काढली आणि मानाच्या पाहुण्याला देतात तसा त्याला चमचाभर बिहीच्या फळाचा मुरंबा दिला, सोबत पाण्याचा पेला. तो मुरंबा मला एकदाच मिळाला होता, राहायला आलो त्या दिवशी. मग काय, माझा बॉयलर नीट झाला, आणि मी वर जाऊन एकटा ऊब घेत बसलो.

नोव्हेंबरात बॉयलर परत बंद पडला. दहा दिवसांनी आणखी एकदा. पाण्याच्या दाबाचा काटा खाली यायचा आणि यंत्र गप्प. दर वेळी तिहोमिर यायचा, पाणी भरायचा, गायचा, आणि मुरंबा खायचा. तिसऱ्या खेपेला बाईंदेखत मला म्हणतो, "काय हो मास्तर, बॉयलरातलं पाणी पिता की काय?" बाई हसल्या. मला ते हसणं अजून टोचतंय. मी जळतो, ताई, आणि ते लपवायचं वय माझं राहिलेलं नाही.

आता मुद्द्याचं. एकोणीस डिसेंबरला संत निकोला, बाईंच्या घरचा सण. आमंत्रण कुणालाच नसतं, येणारे आपण होऊन येतात, ते ठीक. पण सणाचा गोल पाव दोघांनी समोरासमोर धरून गोल फिरवायचा असतो, त्यासाठी बाईंच्या समोर घरचं कुणीतरी उभं राहायला हवं. यजमानांनंतर त्यांचे दीर उभे राहायचे, ते उन्हाळ्यात वारले. परवा बाई पीठ चाळता चाळता म्हणाल्या, "यंदा पावाची दुसरी बाजू कोण धरणार, कोण जाणे." आणि ताई, त्या वेळी तिथं आम्ही दोघंही होतो. तिहोमिरनं मिशीवरून हात फिरवला. मी खोकलो.

त्याला तो पाव धरताना बघण्यापेक्षा मी हे गाव सोडेन. तुमच्याकडे निशमध्ये एखादी खोली बघून ठेव. लहान चालेल. बॉयलर नसलेली असली तर फारच बरं.

तुझा,
द्रागुतिन

ता. क. तुझ्याशी खोटं बोलवत नाही. ऑक्टोबरातला बिघाड खरा होता. नोव्हेंबरातले दोन्ही माझे. बॉयलरचं गरम पाणी खोलीतल्या ज्या रेडिएटरमधून फिरतं, त्याच्या टोकाला हवा सोडायचा एक स्क्रू असतो, त्याची चिमुकली चावी मिळते. ती फिरवून पातेलंभर पाणी काढलं की दाब उतरतो आणि बॉयलर बंद. मला फक्त चुलीपाशी बसायचं होतं. त्यासाठी मिस्त्रीही यावा लागतो, हे लक्षातच आलं नाही.

ता. क. दुसरा, गुरुवार. पत्र टाकायचं राहिलं, कारण काल बॉयलर चौथ्यांदा बंद पडला. बाबांची शपथ, मी हात लावलेला नाही! मी पाव आणायला गेलो होतो, आल्यावर रेडिएटरखालची फरशी ओली. माझ्या घराची दुसरी किल्ली एकट्या बाईंकडे असते. म्हणजे त्या मिशीवाल्याला बोलावण्यासाठी आता बाई स्वतःच पाणी काढतात! खोलीची घाई कर.

ता. क. तिसरा, त्याच दिवशी संध्याकाळी. खाली जाऊन कोरडेपणानं विचारलं, "तिहोमिरला कळवलंत का?" बाई म्हणाल्या, "तो मंगळवारीच मुलीकडे गेला, महिनाभर येत नाही. जाताना मला सांगून गेला." आणि साखरेच्या डब्यातून माझ्यासारखीच एक चिमुकली चावी काढून टेबलावर ठेवली. मिस्त्री गावात नाही हे ठाऊक असताना बुधवारी बॉयलर बंद पाडणारी बाई तो मिस्त्रीसाठी पाडत नाही, एवढं भूगोलाच्या मास्तरालाही कळतं. मी काही बोलायच्या आत समोर काचेची बशी आली. "तुमचीही चावी ठेवा इथं, मास्तर," त्या म्हणाल्या, "पाव धरायला दोन्ही हात मोकळे लागतात."

खोली बघू नकोस. बाबांचा काळा कोट तेवढा अठरा तारखेच्या आत पोचव. बॉयलर अजून बंदच आहे. त्याची आम्हांला काही घाई नाही.