हीट पंपाला कूलरचं कव्हर

अकोला, मंगळवार, संध्याकाळ

आठवडाभर आंघोळीचं पाणी कोमटच येतंय. उद्या हा हीट पंप परत करायचा, असं यांनी ठरवलंही होतं. आज मी गच्चीवर गेले तर मशीनला कूलरचं निळं कव्हर घट्ट बांधलेलं. बाहेरच्या हवेतली ऊब ओढून पाणी तापवणारं मशीन, त्याला हवाच नाही.

बांधलं सासऱ्यांनी, आमच्या मामाजींनी. दर हिवाळ्यात कूलरला बांधतात तसंच.

"गारठून राह्यलं होतं ना थे," म्हणाले.

मी समजावलं. वाटलं, रुसतील. पण त्यांनी तेच निळं कव्हर सोडून फाडलं आणि गरम पाण्याच्या उघड्या पाइपाला गुंडाळलं. "मंग ऊब इथूनबी जात असन." हे मला का नाही सुचलं?

आत्ता नळाखाली हात धरला, चटका बसला.

कूलर मात्र उघडा पडलाय. त्याच्यासाठी मामाजी स्वतःची जुनी शाल शोधताहेत.