दोन मिनिटं बत्तीस सेकंद

२४ फेब्रुवारी १९८३, गुरुवार

बेचाळिसावं रेकॉर्डिंग — आणि चक्क ब्लूज, अमेरिकन काळ्यांचं ते दर्दभरं गाणं! आजवर इथे आखातात बास गिटारवर साबणाच्या जाहिराती आणि अरबी लग्नगीतंच वाजवली. हॉटेलात गाणारी अमेरिकन बाई, मिसेस डोरोथी, स्वतःची कॅसेट काढतेय. तिचा बासवाला मायदेशी गेला. पुढच्या शुक्रवारी एक जुनं गाणं वाजवून दाखवायचं. पसंत पडलं तर आठही गाणी माझी.

"कोणाकडे शिकलात?" तिने विचारलं. कोणाकडे नाही! रेकॉर्ड ऐकून. बारा वर्षं.

बायको, सुरेखा, म्हणाली, "हॉस्पिटलची नोकरी तेवढी सोडू नका."

२६ फेब्रुवारी

तालीम, बनेद अल-गार भागात, बाईच्या गिटारवाल्या उदयच्या फ्लॅटवर. गिटार चांगली वाजवतो, पण धावतो. टोकलं. तर म्हणतो — "दिनकरराव, गाणं असंच आहे. तुम्हीच त्याला झोपवताय!"

"मूळ रेकॉर्ड आहे माझ्याकडे!"

त्याने त्याच गाण्याची कॅसेट लावली. खरंच पळत होती, सूरही चढा. म्हटलं, तुझा टेप बिघडलाय. आण, फुकट दुरुस्त करून देतो.

२७ फेब्रुवारी

रेकॉर्डच्या लेबलवर छापलंय: २ मिनिटं ३२ सेकंद. स्टॉपवॉच लावलं. ३ मिनिटं २. पुन्हा लावलं. तेच.

२८ फेब्रुवारी

प्लेअर उलटा केला. इथल्याच मंगफ भागातल्या एका अमेरिकन इंजिनिअरने परत जाताना विकलेला. ११० व्होल्टचा, म्हणून ट्रान्सफॉर्मर मी स्वतः गुंडाळला होता. व्होल्टेज अचूक! पण खालच्या पट्टीवर लिहिलंय — ६० सायकल, म्हणजे विजेची सेकंदाला ६० आवर्तनं. इथली वीज ५०ची, आणि मोटरचा वेग ठरतो त्यावरच. म्हणजे मोटर बारा वर्षं हळू फिरतेय! आणि एक्स-रे मशीन बसवताना मी पहिलं हेच बघतो!

सगळा ब्लूज संथ शिकलो. सुरेखाला बोललो नाही.

२ मार्च

खऱ्या वेगात बसवलं. चार तास. एक सूर चुकला नाही. बोटं माझी, वाजवणं दुसऱ्याचंच वाटतं.

गप्प बसून परवा असंच वाजवलं तर काम मिळेल. बारा वर्षांचं काय करायचं?

४ मार्च, शुक्रवार

वाजवण्याआधी सगळं सांगून टाकलं. मोटर, सायकल, सेकंद — आकड्यांसकट. उदय पोट धरून हसला. "आणि टेप माझा बिघडला होता, नाही का?" मी कान पकडले.

बाई हसली नाही. म्हणाली, "मग तुमच्या वेगातच ऐकवा."

ऐकवलं. दुसऱ्या कडव्यापासून ती गायलाच लागली. आठही गाणी माझी! का ते सांगितलं नाही. दया आली असेल तर मला नको ते काम.

५ मार्च

बाईंना फोन करून सरळ विचारलं. गाणं त्यांच्या मावशीचं, रेकॉर्डवरचा आवाजही तिचाच. म्हणाल्या, "मावशी घरी असंच संथ गायची. रेकॉर्डवर मावायला तीन मिनिटांच्या आत हवं म्हणून स्टुडिओवाल्यांनी तिला पळवलं. तुमच्याइतकं बरोबर मी बाहेर कुणाकडून ऐकलं नाही."

उदयला उद्या सांगेन. छे — आत्ताच!