चेहऱ्याची जागा

प्रिय दीप्ती,

सप्रेम जयभीम. तुझा जुना नंबर लागत नाही, म्हणून तुझ्या कॉलेजातल्या सरांकडून बंगळूरचा पत्ता मिळवून हे पत्र लिहीत आहे. नंबर का बदलावा लागला, हे मी जाणतो. ज्यांनी त्या नंबरावर तुला नको नको ते ऐकवले, त्यांतले दोघे आजही दर पौर्णिमेला विहारात माझ्या शेजारी बसून पंचशील म्हणतात. तुझे वडील अण्णासो तुला जे बोलले, तेही मी विसरलेलो नाही. ‘ह्या उंबऱ्याला परत पाय लावायचा न्हाई’, हे वाक्य उच्चारले गेले तेव्हा मी त्याच उंबऱ्याच्या आत बसलो होतो. तरीही मला तुझ्याकडे एक मागणे मागायचे आहे. ते मी पत्राच्या शेवटी मागेन. तू इथून गेल्यानंतर जे घडले ते तुला ठाऊक नाही, आणि ते ठाऊक नसताना केलेले मागणे तुला आज्ञेसारखे वाटेल. आज्ञा करण्याचे माझे वय आता सरले आहे.

ओट्यावरचा आपला वाद तुला आठवत असेल. तू कॉलेजातून उचगावात परतलीस की चहाचा कप हातात घेऊन माझ्यासमोर बसायचीस आणि परदेशातल्या त्या नियम मोडणाऱ्या चित्रकारांच्या कथा सांगायचीस. मी ‘चित्रकार’ म्हटले की ‘आबा, चित्रकार न्हवं, ग्राफिक डिझायनर’ असे दटावायचीस. एकाला म्हणे एक मुलाखत कंटाळवाणी वाटली, म्हणून त्याने ती नियतकालिकात अक्षरांऐवजी चिन्हांनी छापली आणि जगात कोणालाही ती वाचता आली नाही. दुसऱ्याने व्याख्यानाच्या जाहिरातीसाठी मजकूर स्वतःच्या उघड्या अंगावर पात्याने कोरवून घेतला आणि त्याचे छायाचित्र काढले. मी म्हणालो होतो, की हा तर आत्मक्लेश झाला आणि आत्मक्लेशाचा मार्ग तथागतांनी केव्हाच त्याज्य ठरवला आहे. तू खळखळून हसलीस. मग मी तुला विनयाची गोष्ट सांगितली. भिक्खुसंघाचे नियम एका बैठकीत बसून कोणी रचले नाहीत. प्रत्येक नियमाआधी काहीतरी घडलेले आहे, कोणीतरी चुकलेले किंवा दुखावलेले आहे. म्हणून जो नियम मोडायचा, त्याच्या मागचा दुखावलेला माणूस आधी शोधावा, असे मी म्हणालो. तू ते वहीच्या कोपऱ्यात लिहून घेतलेस, आणि त्याच्याभोवती एक वेडीवाकडी चौकट काढलीस.

त्या विद्येची पहिली परीक्षा झाली ती शेजारच्या लग्नात. तू पत्रिका केलीस. पांढऱ्या कागदावर वधू-वरांची नावे, तारीख, ठिकाण, आणि खाली निमंत्रकांची यादीच नाही. पत्रिका देखणी होती, यात शंका नाही. परंतु वधूचे मामा हंबीरराव मांडवात आले ते तोंड फुगवूनच. ‘आमचं नाव न्हाई, म्हंजे आमी मेलो व्हय?’ असे म्हणून ते पंगतीला बसेनात. शेवटी तू स्वतः एका पत्रिकेवर शाईने त्यांचे नाव लिहून त्यांच्या हाती दिलेस, तेव्हा त्यांनी जिलेबीला हात लावला. त्या दिवशी तू घरी येऊन मला विचारलेस, की मोडण्याजोगा लहान नियम आणि न मोडण्याजोगा मोठा नियम ओळखायचा कसा. मी सांगितले, की हाच प्रश्न विचारायचा राहून गेला. महापरिनिर्वाणापूर्वी तथागतांनी मुभा दिली होती, की माझ्यामागे संघाला वाटल्यास त्याने बारीकसारीक नियम सोडून द्यावेत. बारीकसारीक म्हणजे कोणते, हे त्यांचा शिष्य आनंद याने विचारले नाही. दुःखात त्याला सुचले नसेल. मग संघाने ठरवले, की एकही नियम सोडायचा नाही.

आता जे लिहितो आहे ते तुलाही ठाऊक आहे. तरी लिहिल्यावाचून पुढे जाता येत नाही. फाउंड्रीतली दुसरी पाळी संपवून येताना तुझा भाऊ प्रसेनजीत हायवेवर अपघातात गेला. तिसऱ्या दिवशी मंडळाची पोरे त्याचा मित्र सम्राट याला पुढे करून अंगणात आली. चौकात श्रद्धांजलीचा बोर्ड लावायचा होता, आणि वाढदिवसाच्या बोर्डावरचा त्याचा गॉगलवाला फोटो फ्लेक्सवाल्याकडे तयारच होता. तू म्हणालीस, ‘माझ्या भावाचा बोर्ड मी करणार.’ कोणी अडवले नाही. शिकलेली बहीण, तिचा हक्क, असेच सगळ्यांना वाटले. दुसऱ्या दिवशी चौकात बोर्ड चढला. संपूर्ण पांढरा. जिथे फोटो असायचा तिथे फोटोच्या मापाचे कापलेले आरपार भोक, आणि त्यातून दिसणारा हायवे. खाली केवळ ‘प्रसेनजीत’. भावपूर्ण वगैरे काही नाही, शोकाकुल म्हणून एकाचेही नाव नाही. सम्राट मान वर करून बघत राहिला आणि म्हणाला, ‘दीप्तीताई, आमी त्येला खांदा दिलाय. आमचं नाव तरी घालायचं हुतंस की.’ त्याच्या आवाजात राग नव्हता, हे मी तेव्हाच टिपले होते. राग मागाहून आला, इतरांनी भरवलेला.

आणि मग तुझी आई आली. मीनाबाईला दोघींनी दंडाला धरून आणले होते. ती त्या भोकाकडे बघत राहिली. पलीकडून उसाचा एक ट्रॅक्टर गेला, तो त्या चौकटीतून संपूर्ण जाईपर्यंत बघत राहिली. मग तिने तुला विचारले, ‘माज्या लेकराचं तोंड कुठं हाय?’ आणि तू म्हणालीस, ‘कुठंच न्हाई गं आई. तेच तर दावलंय.’ दीप्ती, तू खोटे बोलली नाहीस. जे सत्य मी आयुष्यभर पोथीतून वाचले, ते तू चौकात टांगलेस. पण मीनाबाई खाली बसली ती उठेना, आणि अण्णासोने शिडी मागवली. त्याने बोर्ड उतरवला तेव्हा एका बाजूने तो फाटला. संध्याकाळी तिथे गॉगलवाला प्रसेनजीत चढला, भोवती फुलांची चौकट, खाली मंडळातल्या झाडून साऱ्या पोरांची नावे.

प्रसेनजीतच्या पुण्यानुमोदनाच्या, जलदान विधीच्या दिवशी विहारात मला चार शब्द बोलायला सांगितले. मी जुन्या स्तूपांच्या तोरणांविषयी बोललो. त्या कारागिरांनी शतकानुशतके तथागतांचा चेहरा घडवलाच नाही. त्यांनी रिकामे आसन कोरले, पावलांचे ठसे कोरले, छत्राखाली कोणी नसलेला घोडा कोरला. गेलेल्याची जागा गेलेल्यापेक्षा खरी असते, हे त्यांना कळले होते, आणि आमच्या दीप्तीने त्याहून वेगळे काही केलेले नाही, असे मी म्हणालो. लोकांनी माना डोलावल्या आणि चहा घेतला. बाहेर पडताना एक जण दुसऱ्याला म्हणाला, ‘आबा लै ग्वाड बोलत्यात. पर पोरगीनं वंगाळच केलं.’ पुढे बोर्ड उतरण्याआधी काढलेले त्याचे छायाचित्र तू शेवटच्या वर्षाचे काम म्हणून मांडलेस, ते पुण्याच्या प्रदर्शनात गेले, बक्षीस मिळाले आणि घराघरांतल्या फोनवर फिरले. ‘भावाच्या मढ्यावर बक्षीस’ हे शब्द कोणाच्या तोंडून प्रथम निघाले, मला ठाऊक नाही. अण्णासोच्या कानी ते पडले एवढे खरे. बक्षिसासाठी तू ते केले नव्हतेस हे मला माहीत आहे. तू ते पाठवलेस, हेही तितकेच खरे आहे. त्यातला कोणता नियम लहान आणि कोणता मोठा, याचा निवाडा मी आजवर करू शकलेलो नाही.

तू गेलीस, आणि चौकातला बोर्ड मात्र राहिला. मीनाबाई रोज दूध घालायला जाताना त्याच्यासमोर थांबायची, कधी पदराने खालची धूळ पुसायची. उन्हाने आधी त्याच्या शर्टाचा रंग गेला, मग ओठांचा. पावसाळा संपेपर्यंत चेहरा पांढराफटक झाला आणि गॉगल तेवढा काळा राहिला. मग कोणा पुढाऱ्याचा वाढदिवस आला आणि त्याचा बोर्ड अर्धा प्रसेनजीतवर ठोकला गेला. अर्ध्या तोंडावर केक आणि सिंहाचे चित्र. अण्णासो भांडायला गेला तर कार्यकर्ते म्हणाले, ‘दोन दिसाचा प्रश्न हाय, काका.’ तो बोर्ड निघाला तेव्हा खिळ्यांनी पोराचा गाल फाटून आला. आणि एका सकाळी बोर्ड जागेवर नव्हता. चांगला जाड फ्लेक्स पाहून कोणीतरी उतरवून नेला असणार.

तो सापडला गडमुडशिंगीत. मीनाबाई तिच्या बहिणीकडे, तुझ्या बनामावशीकडे, गेली होती. वाटेत एका गोठ्यावर पत्र्याऐवजी फ्लेक्स ओढलेला होता. फ्लेक्सचे असेच होते. कोणाच्या वैरणीवर, कोणाच्या शेणींवर. त्या गोठ्यावर तिचे लेकरू उताणे पडले होते, कपाळावर दगड ठेवलेला, वाऱ्याने उडू नये म्हणून. गोठ्याची मालकीण बायडाबाई चांगली बाई. तिने ताबडतोब दगड काढला आणि रडत म्हणाली, ‘बाई, मला म्हाईत न्हवतं गं. बाजारातनं आणलाय.’ मीनाबाईने फ्लेक्स मागितला नाही. ‘ऱ्हाऊ दे, म्हशी भिजतील’ एवढेच बोलून ती घरी आली.

त्या दिवसापासून ती जेवेनाशी झाली. आम्हांला वाटले दुःखाने. एकदा दुपारी मी वाचीत बसलो असता ती माझ्यापाशी आली. सासऱ्याला, म्हणजे मला, मामा म्हणण्याची तिची रीत तुला ठाऊक आहेच. म्हणाली, ‘मामा, दीप्तीनं भोक पाडलं हुतं त्ये बरं हुतं. भोकावर कोण काय ठोकणार? भोक कोण गोठ्यावर घालणार?’ मी पोथी मिटली. जे मला विहारात समजावता आले नाही, ते तिने असे आपल्या वाटेने येऊन गाठले होते. आणि त्या वाटेवर तिला काय काय पाहावे लागले, ते मी वर लिहिलेच आहे. मग तिने अण्णासोला विचारले, की पोरीच्या त्या बोर्डाचे काय केलेत. तो माळ्यावर चढला आणि बोर्ड घेऊन उतरला. फाटलेली बाजू त्याने सुतळीने शिवून ठेवली होती. कधी शिवली, हे त्याने सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही. आता तो फ्लेक्स मागच्या अंगणात बांधला आहे. मीनाबाईची बाज त्याच्यासमोर असते. त्या चौकटीतून तिला पेरूचे झाड दिसते, कधी मांजर दिसते, बराच वेळ काहीच दिसत नाही.

बाज असते असे लिहिले, कारण ती आता बाजेवरून उठत नाही. दीप्ती, ते दुःख नव्हते. पोटात गाठ होती, आणि ती कळली तेव्हा करण्याजोगे काही उरले नव्हते. डॉक्टरांनी तिला घरी न्यायला सांगितले. त्याचा अर्थ तुला सांगायला नको. परवा तिने मला जवळ बोलावून आपला शेवटचा नियम सांगितला. ‘माजा फोटो कुठं लावायचा न्हाई, मामा. चौकात न्हाई, घरात बी न्हाई. दीप्तीला म्हणावं, माजी जागा मोकळी ठेव.’ तुला बोलवा, असे ती म्हणाली नाही. नवऱ्याने बंद केलेले दार मरताना उघडायला लावावे, हे तिच्या स्वभावात नाही. म्हणून ते मी केले. जो प्रश्न आनंदाने विचारला नाही, तो मी माझ्या मुलाला विचारला, की बाबा रे, तुझा उंबऱ्याचा नियम लहान की मोठा? फ्लेक्सची सैल सुतळी आवळता आवळता तो म्हणाला, ‘येऊ दे की. मी काय दार धरून बसलोय व्हय?’ हे पत्र एवढ्यासाठी लिहिले. तिचा बोर्ड तू करशीलच. त्यात चेहरा असणार नाही, हे तिने ठरवले आहे. तो चेहरा अजून इथे आहे. पुष्कळ वाळला आहे, पण हसताना अजून डावीकडेच कलतो. मिळेल त्या गाडीने ये आणि तो पाहून घे. पुढे कुठेही दिसणार नाही.

वाट पाहणारा,
तुझाच,
आबा