मनोरीची सुट्टी आणि साड्यांचा गठ्ठा

भांडं वाजवायचं नाही, खुर्ची सरकवायची नाही, शिंक आली तर पदरात दाबायची. असली सुट्टी आपल्या घराण्यात कुणी भोगली होती का गं आये? मनोरीला आलेय. तुझी पणती, माझ्या लेकाची पोरगी, मला हौसेनं घेऊन आलीय. तू बरी आहेस का, ते विचारत नाही. मेलेल्या माणसाला काय धाड भरणार? आणि माझं अक्षर बघून नाक मुरडू नकोस. सुईत दोरा ओवायला माझे डोळे लागायचे म्हणून शाळा तूच सोडवलीस.

पोरगी पवईला कॉम्प्युटरवर कामाला आहे. बोरिवलीच्या घरात बसूनही तेच काम करते, आणि आता इथे समुद्रावर येऊनही तेच. खोलीच्या दारात टेबल ओढलंय. तोंड समुद्राकडे, पाठ भिंतीकडे, म्हणजे ऑफिसवाल्यांना नुसती पांढरी भिंत दिसते. समोर एवढा समुद्र पसरलाय, पण बाईसाहेबांची नजर त्या कॉम्प्युटरच्या पाटीवरून हलेल तर शपथ. काल दुपारी ताट पुढ्यात ठेवलं. भात गार झाला, आमटीवर साय धरली, तरी हिचं आपलं चालूच, "यस सर, यस सर." माझं टाळकं सटकलं. म्हटलं, "मेल्या, पोरीला दोन घास गिळू दे की!" तिकडे साहेबानं ऐकलं. विचारलं असणार कोण आहे म्हणून, कारण ही हसून म्हणते, "सॉरी सर, टीव्ही चालू आहे." मी टीव्ही! हिचं नाक पुसलं, शी-शू काढली, ती मी टीव्ही!

फोन ठेवल्यावर तिला धरलं. "सुट्टी घेतलीयेस ना गं तू?" तर म्हणते, "सुट्टी कुठे घेतली आजी? काम कुठूनही चालतं, म्हणून आले. सुट्ट्या तुझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनला राखून ठेवल्यात. तेव्हा तुझ्याजवळ कोण बसणार?" मी म्हटलं, "आत्ता जवळ बसलेय ती दिसत नाही, आणि पांगळी होऊन पडले की बसणार? नाही करायचं मला ऑपरेशन. सुट्टी आत्ता काढ." "अशी आयत्या वेळी देत नाहीत गं, आजी." झालं. परत कानात ती बोंडं खुपसली.

मग तू आठवलीस. चांगली म्हणून नाही आठवलीस, उगाच फुगू नकोस. बाजारातली ती तुझी मैत्रीण कोळीण, तिने जत्रेला बोलावलं म्हणून आपण याच गावात आलो होतो. घाटकोपरहून निघताना तू माझा एक फ्रॉक घेतलास आणि शेठच्या दुकानातला फॉल लावायच्या साड्यांचा अख्खा गठ्ठा. रेतीत चटई टाकून बसलीयेस, समुद्राकडे पाठ करून, कारण वाऱ्यानं पदर तोंडावर येतो. मी ओरडतेय, "आये, पाण्यात चल ना!" तू मान वर न करता म्हणतेस, "पाणी काय पळून जातंय? एवढी साडी होऊ दे." ती झाली, दुसरी घेतलीस. मी ओल्या हातानं तुला ओढायला गेले, तर रेशमावर खाऱ्या पाण्याचे डाग पडले. तू अशी कानफटात वाजवलीस की कोळणीनं मध्ये पडून मला उचललं. पाण्यात तू आलीच नाहीस. बोटीत बसल्यावरही दातानं दोरा तोडत होतीस. आणि पुढे तुला स्मशानात नेलं त्याच दिवशी शेठचा माणूस दारात उभा, "गठ्ठा तेवढा द्या." तुझी अर्धी राहिलेली साडी मी रडत रडत पुरी करून दिली. शेठनं शिलाई बघितली, तू गेलीस ते नाही विचारलं.

आता खरं ते लिहिते. हे पत्र कुठल्या डब्यात पडणार नाहीये, म्हणून लिहिते. काल संध्याकाळी पोरीनं आपण होऊन ते यंत्र मिटलं. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून रेतीत उतरली आणि हाका मारायला लागली, "आजी, चल ना! पुढचा कॉल यायच्या आत पाय भिजवून येऊ. मी धरते तुला." मी पडवीत बोंबील साफ करत बसले होते. कुणी सांगितलं नव्हतं. खानावळीचं जेवण पैसे भरून सांगितलेलं आहे. तरी माझ्या तोंडून गेलं, "थांब, एवढे बोंबील होऊ देत." ती थोडा वेळ उभी राहिली. मी हात धुऊन, काठी घेऊन खाली उतरले, तेव्हा ती परत टेबलाशी बसली होती, भिंतीपुढे, आणि ओहोटीनं समुद्र पार लांब गेला होता. नुसता चिखल.

पाणी पळून जात नाही म्हणालीस ना? मग काल कुठे गेलं, ते सांग. शेठला विचारायला जाऊ नकोस, कोळणीला पुढे करू नकोस. उत्तर तूच द्यायचं.