डाव्या हाताचं तोरण

आत्याबाई,

तुमच्या लेकीचं तोरण काल तिची सून घेऊन गेली. तुमच्या लेकीचं म्हणतात, पण केलेलं मी, तुमच्या सुनेनं. हे वाक्य तुमच्या तोंडावर बोलायचं राहून गेलं. तुम्ही होता तेव्हा मला तोंड नव्हतं, आता तोंड आहे तर समोर तुम्ही नाही. म्हणून माझ्या सुनेला लिहायला बसवलंय. मला अक्षर येत नाही हे तुम्हाला माहीत आहे. तुम्हालाही येत नव्हतं. तेवढ्या एका बाबतीत आपलं दोघींचं जमायचं. सून म्हणाली, "आत्या, मेलेल्या माणसाला पत्र कुठल्या पत्त्यावर टाकायचं?" म्हटलं, टाकायचं नाही, नुसतं लिही. जिवंतपणी यांनी माझं एक बोलणं धड ऐकून घेतलं नाही, आता मध्येच उठून जाता यायचं नाही त्यांना. ही तुमची नातसून लोकरीच्या बाहुल्या विणते, मोबाईलवर लोक मागवतात. पोराचा डबा, धुणं, शिकवणी, भाकरी, आणि मधल्या फटीत बाहुलीचा एक कान. आत्ताही गॅसवर कुकर आहे, शिट्टी झाली की ती उठेल आणि तुम्हाला तेवढा दम घ्यायला मिळेल. ती विणत असली की मी तिच्याकडं पाणी मागत नाही. माठापर्यंत स्वतः उठून जाते. गुडघे करकरतात, आणि प्रत्येक करकरीला तुमची आठवण काढतात.

मी डावरी. जेवायचे उजव्यानं, वाढायचे उजव्यानं, भाकरी थापायचे उजव्यानं, पण सुई डाव्या हातातच चालायची. माझ्या आईनं कधी त्याचं काही केलं नाही. काम झाल्याशी मतलब. लग्न होऊन आले तेव्हा ट्रंकेत दसुतीचं कापड होतं, त्यावर तोरण भरायला घेतलेलं. दोन मोर तोंडाला तोंड लावून, मध्ये कळस, खाली कैऱ्यांची ओळ, सगळं बारीक फुल्या-फुल्यांचं. एक मोर माहेरी झाला होता, दुसऱ्याची नुसती चोच. आपल्या दाराला आपल्या हातचं तोरण असावं, एवढीच हौस. पहिल्याच आठवड्यात ओसरीवर बसून चोचीच्या पुढं सरकले, तर तुम्ही माझ्यासमोर येऊन उभ्या. "सवाशिनीनं डाव्या हातानं सुई धरायची आसती व्हय? कोनी शिकवलं तुला ह्ये?" मी म्हटलं, "कोनी न्हाई, आपसूकच." "मंग आपसूकच इसर." आणि जुन्या लुगड्याची चिंधी फाडून माझ्या डाव्या मनगटाला बांधलीत. ध्यानात राहावं म्हणून. विहिरीवर बाया विचारायच्या, "काय लागलं गं हाताला?" मी सांगायचे, "सासूची माया बांधलीय, सुटंना." त्या हसायच्या. तुमच्या कानावर गेलं, तेव्हा तुम्ही गाठ आणखी आवळलीत.

पण तोरण थांबलं नाही, बरं का. तुम्ही कुठं आहात ते आधी बघायचं, आणि तुम्ही नाही तिथं बसायचं. चुलीवर आमटी उकळतेय, पायाच्या अंगठ्याला पाळण्याची दोरी, गुडघ्यावर दसुती. आमटीला एक उकळी येईस्तोवर एक कैरी भरून होते. म्हैस पान्हवेपर्यंत चार फुल्या. गिरणीपुढं दळणाच्या रांगेत बसलेय, पदर पुढं ओढलाय, पदराखाली सुई चाललीय. कापडाला कधी हळदीचा डाग, कधी पिठाचा पांढरा हात. आता हिच्या बाहुल्या बघून लोक म्हणतात, एवढं घर सांभाळून कसं जमतं? मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर म्हटलं असतं, घर सांभाळणं सोपं आहे, सासूचं येणं-जाणं सांभाळणं अवघड. कारण सुई हातात दिसली की तुम्हाला तहान लागायची. तांब्या तुमच्या मांडीला टेकलेला असायचा.

"आगं, पानी दे."

"शेजारीच हाय की, आत्याबाई."

"शेजारचं कोमट झालंय."

मग मी सुई कापडात खोचून उठायचे, माठातलं आणून द्यायचे, आणि तुम्ही दोन घोट घेऊन उरलेलं अंगणात ओतायचात. एवढं पाणी तुम्ही माझ्या तोरणापायी ओतलंत की त्याच्यावर वाफाभर मेथी आली असती.

दुसरा मोर पुरा झाला तेव्हा माझी थोरली पोर चालायला लागली होती. पाडव्याला मी धीर करून तोरण तुमच्या पुढ्यात उलगडलं. म्हटलं, दाराला लावू का? तुम्ही ते हातातही घेतलं नाही. "डाव्या हाताचं तोरन माज्या दाराला? लक्षुमी आल्या पावली म्हागारी जाईल." तुमचा लेक उंबऱ्यापाशी वहाणा घालत होता. त्या दिवशी त्या वहाणेचा अंगठा त्याला काही केल्या सापडेना. खाली मान घालून शोधतच बसला. मी तोरणाची घडी घातली आणि ट्रंकेच्या तळाला ठेवली.

मग तुमच्या लेकीचं जमलं. भिंगारचं स्थळ, मुलगा लष्कराच्या गोदामात नोकरीला, माणसं टापटिपीची. पोर गुणी होती, माझ्याशी तिचं गूळपीठ होतं, तिच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण तिला सुईत दोरा ओवायला दिला तर दोरा राहायचा हातात आणि सुई जायची गवतात. तुम्हीच तिला काही करू दिलं नव्हतं. आता रुखवतात मांडायचं काय? हळदीच्या आदल्या दिवशी मी विहिरीवरून आले तर माझी ट्रंक उघडी. लोकरीचे पोपट, मण्यांची पिशवी, विणलेले रुमाल, सगळं काढलेलं, आणि मंडपात तुम्ही स्वतः खुर्चीवर चढून माझं तोरण मधोमध टाचताय. मी म्हटलं, "आत्याबाई, ते माझं हाय." तुम्ही मागं वळलाही नाहीत. "लगीनघरात तुजं-माजं करतीस? घरचंच हाय का न्हाई?" दाराला नको होतं, तेच मांडवाला चाललं.

लग्नादिवशी नवरदेवाकडच्या बायका रुखवत बघायला आल्या. मी पाण्याचा तांब्या-भांडं घेऊन खांबाला टेकून उभी आहे. नवऱ्या मुलाची मावशी पुढं होते. जाड भिंगाचा चष्मा, चेहऱ्यावरून कळावं की हिच्यापुढं काही लपायचं नाही. ती तोरणाची कड धरून मागची बाजू उलटून बघते, पुन्हा पुढची बघते. "ह्या समद्या फुल्या उलट्या अंगानं कलल्यात. ह्ये डावरीचं काम हाय. नवरी डावरी हाय का?" तुमची लेक माझ्याकडं बघते. मी तुमच्याकडं बघते. आत्याबाई, तेव्हा तुम्ही एवढंच म्हणायचं होतं, आमच्या सुनेनं केलंय. कुणी वरात परत नेली नसती. घरोघरी वहिनी-मावश्याच करून देतात रुखवत. पण तुम्ही पदर सारखा केलात आणि मोकळ्या आवाजात म्हणालात, "व्हय की. बारकी हुती तवापासनं डावरीच हाय. आमच्यात तसलं काय मानत न्हाईत." माझ्या मनगटावर तेव्हा चिंधी नव्हती, पण तिचा वण होता. आणि ती मावशी खूश! "माजी थोरली बी डावरीच. आशांच्या हाताला लई सफाई आसती." म्हणजे कौतुकही झालं. माझ्या हाताचं पहिलं आणि शेवटचं कौतुक, तेही तुमच्या लेकीच्या पदरात पडलं. मी पुढं होऊन पाणी दिलं. उजव्या हातानं.

पंचमीला पोर माहेरी आली ती सरळ गोठ्यात माझ्यापाशी. रडतेय की हसतेय ते कळेना. "वहिनी, मला डावरी कर. सासूबाई सदऱ्याला बटन लावायला देत्यात आन् समोर बसून बघत ऱ्हात्यात. मी रोज बोटाला लागलं म्हनून सांगते, आता बोटं संपली." मी एवढी हसले की म्हैस बिचकली. मग तिला शेजारी बसवलं, सुई तिच्या डाव्या हातात दिली आणि एक एक फुली घालून दाखवली. ती तोंडाचा चंबू करून, जीभ दाताखाली धरून, पोरासोरासारखी टोचत बसायची. तुम्ही गोठ्याच्या दारात आलात. लेकीच्या डाव्या हातात सुई बघितलीत. मला वाटलं, आता चिंधी फाटणार. तुम्ही आलात तशा गेलात. त्या दिवशी तुम्हाला तहान लागली नाही. तुमच्या लेखी हात डावा की उजवा हे काही नव्हतंच. हात कुणाचा, एवढंच होतं. हे मला त्या दिवशी कळलं, आणि त्यानंतर मी तुमच्या पाया पडत राहिले ती नुसती वाकत होते.

तुम्ही गेल्यावर नणंदेनं एकदा तोरण माझ्यापुढं ठेवलं होतं. "वहिनी, घेऊन जा गं, तुजं हाय." मी नाही म्हटलं. तिच्या घरात सगळ्यांना ते तिचं म्हणून माहीत, सुना-नातवंडांपुढं तिला खोटी कशाला पाडू? आम्हा दोघींना खरं माहीत होतं, तेवढं मला पुरायचं. गेल्या वर्षी ती गेली. आता माहीत असलेली मी एकटीच.

आणि पंधरवड्यापूर्वी तिची सून पिशवीत घालून तेच तोरण माझ्याकडं घेऊन आली. तिच्या मुलीचं लग्न आहे, नगरला कार्यालयात. बाकीचं रुखवत दुकानातून तयार आणणार, पण मधोमध हे. "मामी, आमच्या आईंच्या हातचं हाय. कडेला उसवलंय, तुमी शिवनकाम करता म्हनून आणलं. खाली पाटी लावनार हाय, आजीच्या हातचं तोरण म्हनून." मी ठेवून घेतलं. अस्तर उसवलं तर आत जागोजागी नणंदेनं केलेली डागडुजी. सुरुवातीची वेडीवाकडी, गोठ्यातल्या दिवसांसारखी, आणि मग सुधारत गेलेली, शेवटची तर माझ्यासारखीच. सगळी डाव्या हाताची. तुमची थाप निभावण्यासाठी ती पोर जन्मभर डाव्या हातानं शिवत राहिली. मी तिचा एकही टाका उसवला नाही. पण मनाशी ठरवलं, या वेळी बोलायचं. तोरण नको मला. ते त्या मुलीच्या मांडवात लागू दे, तिच्या दाराला जाऊ दे. फक्त त्या पाटीवर खरं असावं. केलं आजीच्या वहिनीनं, राखलं आजीनं. शिवता शिवता मी ते वाक्य एवढ्यांदा म्हटलं की नातू विचारायला लागला, आज्जी, कविता पाठ करतेस का?

काल दुपारी नणंदेची सून आली. माझी सून गिरणीत गेली होती, मी ओट्यावर शेवटची कड शिवत होते. ती समोर बसली, आणि मी म्हटलं, "हे तुझ्या सासूनं नाही केलेलं. मी केलंय, तिच्या लग्नाआधी." ती हसली. रागानं नाही, म्हाताऱ्या माणसाला हसावं तसं, मायेनं. "मामी, आसं कसं? आमच्या आई डावऱ्या हुत्या. मी सून म्हनून आले तवापासनं त्यांचं शिवनं बघितलंय. ह्या फुल्या बघा की, समद्या डावरीच्या हायेत. आन् तुमी तर..." असं म्हणून तिनं माझ्या हाताकडं बघितलं. मग तोरणाची घडी घातली, मला नमस्कार केला, आमंत्रण दिलं आणि गेली. ती खोटं बोलत नव्हती. खोटं बोललेलं माणूस एकच, आणि ते निवांत झोपलंय.

सून गिरणीतून आली आणि ऐकून संतापली. "मी लावते फोन," म्हणाली. नको म्हटलं, पत्र लिही. आता लिहिता लिहिता थांबून ती मला विचारतेय, "पण आत्या, तुम्ही तर डाव्या हातानंच शिवता. मी रोज बघते. तिला दिसलं कसं नाही?" हे तिला मी काल सांगितलं नव्हतं. लिही आता.

काल फाटकाची कडी वाजली, ओट्याकडं चपला आल्या, आणि सुई उजव्या हातात गेली. मी नेली नाही, आत्याबाई, ती आपली आपण गेली. तिनं हाताकडं बघितलं तेव्हा मीही बघितलं, तर तिथं होती. तेव्हाही एक फुली डाव्या हातानं घालून दाखवली असती तरी काम झालं असतं. तोरण मांडीवरच होतं, दोरा ओवलेला होता. मी भ्यायले.