फायरवॉलला दिलेला होकार

३ मार्च, सकाळ
जगाची किळस आली आहे. जो उठतो तो दुसऱ्याच्या मशीनमध्ये नाक खुपसतो. आमच्या जुन्या लॅपटॉपची बटणं चिकट, पंखा घरघरतो, सगळं मान्य. पण आत विंडोज नाही, लिनक्स आहे! मेव्हणा म्हणाला, भंगारात द्या. शुक्रवारी लेकीचा नोकरीचा इंटरव्ह्यू याच लॅपटॉपवर होईल, आणि त्याआधी मी त्यावर फायरवॉल बसवीन. म्हणजे बाहेरचा कोणी आत घुसणार नाही. बायको म्हणते, मी कशालाच धड हो म्हणत नाही. आता बघेल.

४ मार्च
बसवली. कमांड नेटवरून कॉपी-पेस्ट. मशीनने इंग्रजीत विचारलं, पुढे जाऊ का? मी ठणकावून 'हो' टाइप केलं. कीबोर्ड मराठीवरच होता, आपल्या भाषेची लाज कसली. मशीन 'ॲबॉर्ट' म्हणालं आणि गप्प बसलं. चोरांना उद्देशून असणार.

५ मार्च
चालू आहे का ते तपासलं. उत्तर, 'कमांड नॉट फाउंड'. इतकी गुप्त की मालकालाही सापडत नाही. चोर काय कपाळ शोधणार? बायकोला सांगितलं तर म्हणाली, आधी बटणांमधला बिस्किटाचा चुरा काढा. शी. मी सुरक्षेचं बोलतोय, ही चुऱ्याचं.

६ मार्च
लॅपटॉप गोगलगायीसारखा चाललाय. म्हणजे फायरवॉल राबते आहे. तरी तिच्या एकटीच्या भरवशावर राहणं बरं नव्हे. म्हणून हॅकरांवरचे व्हिडिओ, स्पीडचे मीटर, स्क्रीनवर सगळ्या खिडक्या एकदम उघड्या ठेवून पहारा देतोय. लेक म्हणाली, बाबा, उद्या हे बंद करा. बघू म्हटलं.

७ मार्च, दुपार
इंटरव्ह्यूत लेकीचा चेहरा तोंड उघडं असतानाच गोठला. मग आवाज गेला. मग लॅपटॉपच गेला. लेक काळ्या स्क्रीनकडे बघत बसून राहिली. फार वाईट वाटलं. तरी तोंडातून निघालंच, फायरवॉल कडक आहे हं. बायकोने माझ्याकडे असं पाहिलं, जसं ती तुंबलेल्या मोरीकडे पाहते.

७ मार्च, संध्याकाळ
लेकीने लॅपटॉप कसाबसा चालू करून तपासला. फायरवॉल कधी आलीच नव्हती.
"बाबा, 'येस'मधला इंग्रजी 'वाय' दाबायचा होता. तुमचा 'हो' त्याला कळला नाही, त्याने सगळं रद्द केलं."
म्हणजे अडवणारं कोणी नव्हतंच. माझ्या पहाऱ्याच्या खिडक्यांनीच बिचाऱ्या लॅपटॉपचा जीव घेतला.
बायको म्हणाली, "उभ्या जन्मात एकदा पटकन 'हो' म्हणालात, ते पण मशीनला."
स्वतःचीच किळस आली. जेवण गेलं नाही.

८ मार्च
लेकीला सोमवारी पुन्हा वेळ मिळाली आहे. मेव्हण्याच्या घरी, मेव्हण्याच्या लॅपटॉपवर. मी तिथे नसावं, असं सगळ्यांचं ठरलं. बायकोने विचारलं, तेवढ्या वेळात भाजी आणाल का?
हो म्हणालो.